स्टंटसाठी गाडी बांधताना: आधी ब्रेक, मग पिंजरा, इंजिन सगळ्यात शेवटी

स्टंटची मोटरसायकल म्हटलं की पोरांची नजर पहिली जाते सायलेन्सरवर, नाहीतर मागच्या परातीएवढ्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावर. खरं तर अशी गाडी दोन गोष्टींवर टिकते. ती मागच्या चाकावर उभी असताना मागचा ब्रेक धरतो का, आणि आडवी झाली की जमिनीला आधी काय घासतं. या दोन्हींचं उत्तर मिळेपर्यंत इंजिनाला हात लावू नका. खालचा क्रमही तसाच लावला आहे.

कायद्याचं आधी उरकू. अशी बांधलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावर व्हीली मारलीत, म्हणजे पुढचं चाक उचलून गाडी चालवलीत, तर धोकादायक चालवण्याचं कलम १८४ वेगळं लागतं. गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती दिली असेल तर पालकच अडकतात. म्हणजे पुण्यातला नदीपात्रातला रस्ता, दिवेघाट, पहाटेचा रिकामा हायवे हे सगळं बाद. सरावाला खासगी जागा हवी, मालकाची लेखी परवानगी हवी, आणि गाडी तिथवर छोट्या हत्ती टेंपोतून न्यायची.

गाडी कोणती घ्यायची

पल्सर एनएस २०० आणि केटीएम ड्यूक २०० या दोन्ही २०१२ साली आल्या. दोन्ही एक सिलिंडरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या, सहा गिअरच्या, १७ इंची चाकांच्या. त्यांचे पार्ट नाना पेठेत एका फेरीत मिळतात. नव्या शिकणाऱ्याने जुनी हवेने थंड होणारी १५०-१६० सीसीची गाडी घेतली तरी काही बिघडत नाही. रेडिएटर नाही म्हणजे पहिल्या पन्नास पडझडींत फुटणारी एक वस्तू कमी.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. स्टंटला त्याआधीची, बिनएबीएसची गाडी बरी. व्हीलीत पुढचं चाक हवेत थांबत येतं आणि मागचं फिरत राहतं. दोन्ही चाकांना एबीएस असलेल्या गाडीत हा प्रकार यंत्रणेला घसरणीसारखा दिसू शकतो, मग ती नेमक्या वेळी मागचा ब्रेक सोडते. फक्त पुढच्या चाकाला एबीएस असेल तर मागच्या ब्रेकची ही भीती नाही, पण स्टॉपी (पुढच्या ब्रेकवर मागचं चाक उचलणं) शिकताना अडचण येते.

जुनी गाडी घेताना रंगाकडे बघू नका. क्रँककेसवर वेल्डिंग आहे का, चिमट्याचं (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचं) बुश ढिलं आहे का, रेडिएटरच्या कानांना तडे आहेत का ते बघा. दोन्ही चाकांच्या बाजूने सुतळी ताणून चाकं एका रेषेत आहेत का ते तपासा. चाक जमिनीपासून उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध टक्कन खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंग) गेला. व्हीलीवरून उतरताना सगळा मार तिथेच बसतो, म्हणून गोळ्यांचा कोनसेट काढून टेपर रोलर बेअरिंग आत्ताच बसवून टाका. आरसी आणि कर्जाचा बोजाही याच वेळी तपासा. स्टंटवाल्याकडून घेतलेल्या गाडीची कागदपत्रं बहुतेकदा चेनइतकीच ढिली असतात.

मागचा ब्रेक

व्हीलीत गाडी मागे कलंडायला लागली की वाचवणारा ब्रेक एकच, मागचा. उभ्या गाडीवर, सीटवर पाय ठेवून किंवा टाकीवर बसून पायाचा ब्रेक पोचत नाही, म्हणून डाव्या हाताला, क्लचच्या खाली दुसरा लिव्हर लावतात. त्यालाच हँडब्रेक म्हणतात.

जोडणी दोन तऱ्हेची असते. एकीत पायाचं आणि हाताचं मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबला की ऑइलला दाब देणारं) एकाच लाइनवर, एकाच कॅलिपरला (पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाला). दुसरीत एका ब्रॅकेटवर दोन कॅलिपर, दोन मास्टर, दोन वेगळ्या लाइन. पहिली स्वस्त पडते, पण एक वॉशर गळला की दोन्ही ब्रेक एकदम जातात. आम्ही दुसरीच सांगू. पैसे वाचवायला पुढे खूप जागा आहेत.

ब्रॅकेट १० मिमी जाडीच्या ६०६१ ॲल्युमिनियम प्लेटमधून कापून घ्या. भोसरी एमआयडीसीत सीएनसीवाल्यांची ददात नाही, मात्र हातात ड्रॉइंग हवं. "असंच बनवा" म्हणून जुना ब्रॅकेट पुढे केलात तर जुन्या ब्रॅकेटची चूकही बनून येईल. दुसरा कॅलिपर पहिल्याच मॉडेलचा घ्या. दोघांचा मध्य डिस्कच्या मध्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसला पाहिजे, नाहीतर एक पॅड तिरपा झिजतो आणि लिव्हर रोज वेगळा लागतो. ब्रॅकेटची जीभ चिमट्यावरच्या मूळ खोबणीत बसतेच ना ते बघा. ब्रेक लागला की ब्रॅकेट चाकाबरोबर फिरू पाहतो, त्याला थोपवणारी तेवढी एकच जागा आहे.

हँडब्रेकला १२.७ मिमी बोअरचं मास्टर सिलिंडर चांगलं. हाताचा जोर तोच असताना १४ मिमीपेक्षा त्याचा दाब सुमारे २१ टक्के जास्त येतो. लिव्हर थोडा जास्त आत जातो, पण त्यामुळेच ब्रेक मोजून लावता येतो. फार मोठा बोअर घेतलात तर लिव्हर लाकडासारखा लागतो: एकतर ब्रेक लागत नाही, नाहीतर चाक एकदम जाम होऊन गाडी पुढे आपटते. लिव्हरची उंची अशी लावा की दोन बोटं क्लचवर असताना उरलेली दोन हँडब्रेकवर पोचतील.

लाइन स्टीलच्या जाळीची घ्या. लांबी मोजताना हँडल पूर्ण उजवीकडे वळवा आणि मागचं चाक खाली लोंबतं ठेवा. लाइनला सगळ्यात जास्त ताण तेव्हाच असतो. चिमट्याच्या वळणापाशी तिला थोडी सैल वेटोळी द्या, चेनपासून दूर बांधा. बँजो बोल्टला (लाइन जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर. जुने तापवून पुन्हा वापरायची सवय गॅरेजात असते, इथे ती नको.

मग ब्रेक ऑइल भरून हवा काढायची. नव्या कामात बहुतेक जण इथेच फसतात:

१. डॉट ४ ऑइलचा सीलबंद डबा उघडा. आधीपासून उघडा पडलेला वापरू नका.
२. दुसरा कॅलिपर खालच्या बाजूला असेल तर त्याचा हवा काढायचा निपल खाली येतो आणि हवा वरच्या कोपऱ्यात अडकते. कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घाला, निपल सगळ्यात वर येईल असा हातात धरा.
३. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मग लिव्हर सोडा. मास्टर सिलिंडरची ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. पारदर्शक नळीत सलग दहा दाबांत एकही बुडबुडा दिसला नाही की थांबा.
४. रबराने लिव्हर दाबून रात्रभर बांधून ठेवा. सकाळी तो आणखी आत गेलेला असेल तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक जोडावर पांढरा कागद टेकवून बघा.
५. गाडीची दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून ताशी १५ किमी वेगात फक्त हँडब्रेकने थांबा, निदान वीसदा. तो बोटांना ओळखीचा होईपर्यंत चाक उचलायचं नाही.

डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. स्टंटमध्ये मागचा ब्रेक सतत थोडा थोडा घासत असतो, डिस्क निळी पडते, आणि पावसाळ्यात ऑइल हवेतली ओल घेतं. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, लिव्हर रिकामाच आत जातो. त्यामुळे ऑइल दर तीन महिन्यांनी बदला, दिसायला स्वच्छ असलं तरी. पॅड काचेसारखे चकाकायला लागले तर ते जळाले आहेत. पॉलिश पेपरने घासून त्यांचा जळकेपणा जात नाही, नवे टाका.

बाराचा बार आणि पिंजरा

गाडी घड्याळातल्या बारासारखी सरळ उभी झाली की मागे जमिनीला टेकून तिला धरणारा हा बार. मागची सबफ्रेम (सीटखालचा फ्रेमचा भाग) सीटवरच्या माणसाचं वजन खाली पेलायला बनवलेली असते. उभ्या गाडीचा दणका मागून, लांबीच्या दिशेने येतो. म्हणून नुसत्या सबफ्रेमला वेल्ड केलेला बार पाचसात दणक्यांत टेललाइटसकट वर वळतो. बाराचे दोन आधार मुख्य फ्रेमपर्यंत, चिमट्याच्या पिव्होटच्या किंवा फूटरेस्टच्या बोल्टांपर्यंत आले पाहिजेत. पाइप २५ मिमी बाहेरच्या व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा. जिथे पाइप पाइपला मिळतो तिथे त्रिकोणी पट्टी हवी. घासणाऱ्या टोकाला ८ मिमीची बोल्टने बसणारी लोखंडी पट्टी लावा, म्हणजे बार झिजत नाही, पट्टी झिजते.

लांबी ठरवताना अंदाज चालत नाही. मागच्या टायरमध्ये स्टंटची हवा ठेवा, चेनपुलीने गाडी पुढून उचलून उभी करा आणि पुली हळूहळू ढिली करा, म्हणजे वजन टायरवर येऊन तो दबेल. बार टेकलेला असताना, साखळी सैल असताना, गाडी टायर आणि बार यांच्यावर स्वतःहून उभी राहिली पाहिजे: पुढेही पडत नाही, मागेही नाही. त्याआधीच टेकत असेल तर बार लांब आहे. चालत्या गाडीत तो मागचं चाक उचलतो, पकड जाते आणि गाडी बाजूला फेकली जाते. उभं राहण्याचा कोन ओलांडूनही टेकत नसेल तर बार आखूड आहे, आणि टेकेल तोवर माणूस खाली असेल. मग माणूस सीटवर बसलेला धरून दोन्ही बाजूंनी दोघं पकडून हेच पुन्हा बघा.

बार घासला की ठिणग्या उडतात आणि उभ्या गाडीत टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपतं. झाकणाच्या श्वासनळीला एकतर्फी व्हॉल्व्ह लावा आणि मैदानात दोन किलोचं पावडरचं अग्निशामक ठेवा, टेंपोत नाही, हाताशी.

पिंजरा म्हणजे इंजिनाभोवतीचा पाइपांचा सांगाडा. त्याचा नियम सोपा आहे. गाडी दोन्ही कुशींवर झोपवा. जमिनीला फक्त पिंजरा, बाराचा कोपरा आणि हँडलचं टोक लागलं पाहिजे. लिव्हर, गिअरचा पाय, क्लच कव्हर यांच्याखाली बोट जाईल इतकी फट हवी. पिंजरा क्रँककेसच्या कानांना एकाच बोल्टवर टांगू नका. बोल्ट वाकतो तोवर ठीक, पण पुढे ॲल्युमिनियमचा कान तुटतो आणि इंजिन उघडावं लागतं. दोन्ही बाजू इंजिनाखालून आडव्या पाइपने जोडा, म्हणजे एका बाजूचा मार दोन्हीकडे वाटला जातो. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, ८.८ च्या एम ८ ला २५ आणि एम १० ला ४५ न्यूटन मीटरच्या आसपास, निळ्या लॉकटाइटसह (बोल्ट ढिला होऊ न देणारा द्रव). जुन्या बाजारातून बुधवारी-रविवारी पाने, हातोड्या खुशाल आणा. बोल्ट आणि ब्रेकचं सामान तिथलं नको.

गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) प्लग काढा, टाकी उतरवून लांब ठेवा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा. नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

चेन-स्प्रॉकेट

एनएस २०० ला मूळ १४ आणि ३९ दाते आहेत, गुणोत्तर २.७९. मागे ५४ लावले की ३.८६, म्हणजे चाकाला सुमारे ३८ टक्के जास्त ओढ. त्याच आरपीएमला वेग मात्र मूळच्या ७२ टक्केच. चालण्याच्या वेगाने, दुसऱ्या गिअरवर गाडी उचलून धरायला हे हवंच असतं. पुढचं १२ दात्यांचं करून मागचं तेच ठेवायचा स्वस्त मार्ग लोक काढतात. त्यात चेन छोट्या वर्तुळात तीव्र वाकते, लवकर झिजते आणि चिमट्यावरच्या रबराला घासत राहते. मागचंच वाढवा.

पण जागा आधी मोजा. चेन ५२० नंबरची धरली तर ३९ दात्यांच्या स्प्रॉकेटचा व्यास सुमारे १९७ मिमी, ५४ चा २७३. म्हणजे सगळीकडून ३८ मिमी जास्त, वर चेनची उंची वेगळी. चेनचं कव्हर काढावं लागतंच, कधी चिमट्याची पट्टीही आड येते. पंधरा दाते वाढले की चेन आठ कड्या लांब लागते. कड्यांची संख्या समच हवी, अर्धी कडी लावू नका. जोडाला रिव्हेटचं लॉक, क्लिपचं नाही. मोठ्या स्प्रॉकेटच्या बाहेरच्या बाजूला वाकवलेल्या पाइपचा गार्ड हवाच, कारण उतरताना पायाची बोटं तिथेच जातात.

चेनची ढील मोकळ्या गाडीवर मोजाल तर फसाल. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात घट्ट असते. गाडीवर दोन माणसं बसवून ती रेष आणा, तिथे १० मिमी ढील उरली पाहिजे. घट्ट चेन पुढच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. फार सैल चेन थ्रॉटल उघडताना झटका देते आणि मागच्या चाकातलं कपलिंग रबर चेचते.

थ्रॉटल, क्लच, दोरीचा स्विच

आयडल (थ्रॉटल सोडल्यावर इंजिन फिरतं तो वेग) २,००० ते २,५०० आरपीएमवर ठेवतात, म्हणजे हात सोडला तरी हळू व्हीलीत इंजिन बंद पडत नाही. कार्ब्युरेटरला आयडल स्क्रू आहे. एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीत थ्रॉटल बॉडीच्या सील केलेल्या स्क्रूला हात लावू नका. सेन्सरचं शून्य हलतं आणि गाडी कधी भकभकते, कधी बंद पडते. तिथे केबलचा ॲडजस्टर हलका ताणा. मग इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आवाज बदलला तर केबल कुठेतरी ओढली जाते आहे. गोल फिरताना थ्रॉटल आपोआप उघडण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

क्लचच्या लिव्हरला २-३ मिमी मोकळीक ठेवा. दुसरी केबल पहिलीच्या शेजारून ओवून, टोकांना टेप लावून तयार ठेवा. क्लच झटकून गाडी उचलली की प्लेटा झपाट्याने जातात. उघडल्यावर लोखंडी प्लेट काचेवर ठेवा, खाली ०.१ मिमीचं फिलर गेज शिरलं किंवा निळे डाग दिसले तर ती वाकली आहे.

मनगटाला बांधायचा दोरीचा किल स्विच मूळ किल स्विचच्या वायरमध्येच जोडा, दोरी सुटली की सर्किट तुटेल असा. गाडीत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असेल तर तो काढू नका. तो बहुधा आडव्या कलण्यावर चालतो, व्हीलीत सहसा आड येत नाही.

इंजिनाचं तेल आणि पाणी

उभ्या गाडीत तेल मागे जातं आणि पंपाची जाळी उघडी पडते. लांब व्हीली मारणाऱ्याचं कॅमचं डोकं आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग यामुळेच जातं. तेल वरच्या खुणेवर ठेवा, फार तर १०० मिली जास्त. लिटरभर जास्त ओतणारे आहेत. ते तेल श्वासनळीतून एअरफिल्टरमध्ये येतं. नळीला छोटा डबा लावा आणि तो दर वेळी रिकामा करा. तेल जासो एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचसाठीचा दर्जा) चंच, नाहीतर क्लच घसरतो. उभ्यावर जास्त वेळ थांबू नका, हे यावरचं खरं औषध.

रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट नको. सांडलं की मैदान साबणासारखं होतं आणि धुतल्याशिवाय जात नाही. पुण्यात पाणी गोठायची भीती नाही, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक पुरे. फॅनला रिले आणि फ्यूजसह वेगळा हाताचा स्विच द्या. एप्रिल-मेमध्ये ताशी दहाच्या वेगात रेडिएटरला वारा मिळत नाही. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, एफआयचा पंप उभ्या गाडीत हवा ओढतो.

टायरची हवा

मागे १५ ते १८ पीएसआय. जमिनीवर टायर पसरतो, गाडी डोलत नाही. दहाच्या खाली ट्यूबलेस टायर रिममधून सुटतो आणि खड्ड्यात रिम चेपते. पुढे कंपनीने सांगितलेली हवा किंवा दोन-तीन पीएसआय जास्त. स्टॉपीत सगळं वजन त्या एका टायरवर येतं, तिथे कमी हवा घातक. पुढच्या फोर्कमध्ये एक पायरी जाड तेल घाला. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) सगळ्यात घट्ट.

देखभाल

स्टंटच्या गाडीचा मीटर खोटं बोलतो. वेग पुढच्या चाकावरून मोजला जात असेल तर व्हीलीतले किलोमीटर त्यात धरलेच जात नाहीत. वहीत तास लिहा. इंजिन ऑइल दहा तासांनी. क्लच केबल तीस तासांनी, तुटली नसली तरी. दर सरावाआधी: दोन्ही ब्रेकचा लिव्हर, चेनची ढील, ॲक्सलचे नट, दोरीचा स्विच प्रत्यक्ष ओढून. सरावानंतर गाडी धुऊन बाराची आणि पिंजऱ्याची वेल्डं बोटाने चाचपा. तडा आधी रंगातली केसाएवढी रेघ म्हणून दिसतो, त्यातून गंजाचं पाणी येतं. महिन्याला एकदा पुढचं चाक फिरवून रिम बघा, एक मिलिमीटरपेक्षा जास्त डोलली तर बदला. अलॉय रिम ठोकून सरळ करून देणारे असतात, पण पुढच्या चाकाला ती लावू नका.

पावसाळ्यात काँक्रीटवर शेवाळ धरतं, आणि सकाळचं कोरडं दिसणारं मैदानही सावलीच्या कोपऱ्यात निसरडं असतं. जून ते सप्टेंबर हा गाडी उघडायचा काळ समजा: कोनसेट, चिमट्याचं बुश, चाकांची बेअरिंग, फोर्कचे सील. बॅटरी काढून महिन्यातून एकदा चार्ज करा.

मैदानावर पूर्ण चेहऱ्याचं आयएसआय हेल्मेट, छाती-पाठीचं कवच, गुडघे-कोपरांचं कवच आणि घोट्याच्या वरचे बूट सगळ्यांना, गाडी धरायला उभ्या असलेल्यालाही. १०८ ला फोन करणारा माणूस आधी ठरवा आणि त्याला जागेचा पत्ता तोंडपाठ असू दे. बहुतेक मोकळ्या जागा हमरस्त्यापासून आत असतात, रुग्णवाहिका फाट्यावर वाट शोधत थांबते. परतताना छोट्या हत्तीत गाडी चढवली की पट्टे हँडलला नको, खालच्या टी-ला (फोर्क धरणाऱ्या खालच्या जोडाला) बांधा, फोर्क अर्धाच दाबून. पूर्ण दाबून आणलेल्या फोर्कचे सील घरी पोचेपर्यंत गळायला लागतात.